व्हायझरवालं स्की हेल्मेट घ्यावं का? चष्मेवाल्यांनी जरा सांगा (गुलमर्ग, जानेवारी)

उणे_साडेपाच (जळगाव)

राम राम मंडळी. जळगावच्या माणसाने बर्फावरच्या हेल्मेटचा धागा काढला म्हणून हसायचं असेल तर पहिले हसून घ्या, आपल्याकडे बर्फ म्हणजे गोळेवाला अन् रसवंती, मान्य आहे. तर विषय असा की जानेवारीत मी अन् माझा मेहुणा (भुसावळचा) गुलमर्गला चाललो, आयआयएसएमचा बेसिक स्की कोर्स करायला, ती पर्यटन मंत्रालयाची संस्था आहे ना तीच. बाकी सगळं ठरलंय, गाडी हेल्मेटवर अडलीय.

मला उणे साडेपाचचा चष्मा. लेन्स डोळ्यात घालायची म्हटली की हात थरथरतात त्यामुळे तो पर्याय बाद. वाचलं त्यात दोन रस्ते दिसले, एक तर साधं हेल्मेट अन् त्याच्यावर गॉगल, नाहीतर हेल्मेटलाच पुढे मोठी काच जोडलेली, खाली ओढली की झालं. दुसरं मनात भरलंय कारण चष्म्यावर गॉगल दाबून बसवायची कटकट नाही. पण किंमत बघितली की हात आखडतो अन् घरचे म्हणतात आठ दिवसांच्या हौसेला कशाला एवढे. कोणी वापरलंय का? काय बघून घ्यायचं? तिकडे भाड्याने मिळालं तर चालेल का?

भरीत_भाकरी (अमळनेर)

मना भाऊ, पहिले सांग तठे भरीत भेटस का नही. हेल्मेटनं मांगून देखू.

पांझराकाठ (धुळे, सध्या म्युनिक)

मी इकडे आल्यापासून हिवाळ्यात स्कीला जातो, चष्मा मलाही आहे अन् व्हायझरवालंच वापरतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

हेल्मेट डोक्यासाठी घ्यायचं, व्हायझर नंतर. दुकानात नेमकं उलटं होतं, माणूस त्या चमकणाऱ्या काचेवर भाळतो अन् माप असेल ते उचलतो. शिंप्याची टेप घे, भुवयांच्या बोटभर वरून धर अन् मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग असतो तिथून फिरव, जे सेंटिमीटर येतील ते त्या कंपनीच्या तक्त्यात बघ कारण एकाचं मीडियम दुसऱ्याचं लार्ज असतं. मग घालून पट्टा न लावता डोकं हलव. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली पाहिजे, हेल्मेट एकटंच सरकत असेल तर ते मोठं आहे. मागची चक्री आवळून मोठं हेल्मेट बसवायचं नाही, ती फक्त शेवटच्या बारीक फरकासाठी असते. अन् कपाळावर एकाच जागी टोचत असेल तर माप बरोबर असूनही आकार तुझा नाही, काहींचं डोकं गोल असतं, काहींचं लांबोळकं, दुसऱ्या कंपनीचं घालून बघ.

नंतर आतला शिक्का. युरोपचा ईएन १०७७ नाहीतर अमेरिकेचा एएसटीएम एफ २०४०, दोन्हीपैकी एक पाहिजेच. ऑनलाइनवर 'स्की, स्केटिंग, सायकल सगळ्याला चालेल' असं लिहिलेली चकचकीत हेल्मेटं असतात, त्यात हा नंबर दिसला नाही तर सरळ पुढे जा. ईएन १०७७ मध्ये परत दोन क्लास. ए म्हणजे कानावरही कडक कवच, बी म्हणजे कानाला मऊ पॅड, ऐकू जास्त येतं अन् हलकं असतं. व्हायझरवाली बरीचशी बी मध्ये येतात, शिकणाऱ्याला बी पुरतं, उलट मागून येणाऱ्याचा अन् सरांचा आवाज ऐकू येणं जास्त कामाचं.

व्हायझरचं संध्याकाळी लिहितो, आता मीटिंग आहे.

काटकसर_क्लब (नंदुरबार)

माझा प्रश्न हास्यास्पद वाटेल पण विचारतोच, घरात बाइकचं फुल फेस पडलंय, आयएसआयवालं, काच पण आहे, तेच नेलं तर? नाहीतर उलट, स्की हेल्मेट घेतलं तर परत आल्यावर स्कूटीवर वापरून पैसे वसूल करता येतील का?

पांझराकाठ (धुळे, सध्या म्युनिक)

दोन्ही नाही भो. बाइकचं फुल फेस किलोच्या वर जातं, स्कीचं साधारण ४०० ते ६०० ग्रॅम, व्हायझर असला की थोडं जास्त. दिवसभर पडत उठत असताना मानेवर तेवढं ओझं नको, वर ऐकूही येत नाही अन् घामाची वाफ आतच फिरते. अन् स्कीचं हेल्मेट रस्त्यावर घालणं तर त्याहून वाईट, त्याची टेस्टच वेगळी. ईएन १०७७ मध्ये हेल्मेट साधारण दीड मीटरवरून लोखंडावर आदळतात, म्हणजे आदळताना वेग ताशी २० किलोमीटरच्या आतबाहेर. एएसटीएममध्ये २ मीटरवरून, ताशी २२ च्या आसपास. ट्रकसमोर त्याचा काय पाड लागणार. शिवाय आपल्याकडे दुचाकीला आयएसआयच लागतं, १ जून २०२१ पासून बिगर आयएसआय हेल्मेट विकायलासुद्धा बंदी आहे, पोलीसमामा पावती फाडतील ती वेगळी.

काटकसर_क्लब (नंदुरबार)

एक मिनिट, फक्त २० च्या वेगाला टेस्ट? स्कीवर तर लोक ४० ने जातात म्हणे. मग घालून उपयोग काय? त्या फॉर्म्युला वनवाल्या शूमाकरने पण स्की करताना हेल्मेट घातलं होतंच ना.

पांझराकाठ (धुळे, सध्या म्युनिक)

तो वेग डोकं समोरच्या वस्तूवर सरळ आदळण्याचा. तू ४० ने घसरत असलास तरी उतारावर पडताना डोकं बर्फावर आपटतं ते जास्त करून उभ्याचं आडवं होण्याच्या वेगाने, बाकी वेग घसरत जाण्यात जिरतो. झाडावर किंवा दगडावर ४० ने गेलास तर मात्र हेल्मेट पुरं पडेलच असं नाही, हे खरं आहे अन् ते कोणी लपवतही नाही. शूमाकर २९ डिसेंबर २०१३ ला मेरिबेलला दगडावरच आपटला होता, अन् ग्रेनोबलच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं की हेल्मेट नसतं तर तो हॉस्पिटलपर्यंत पोचलाच नसता. म्हणजे हेल्मेट घालायचं अन् झाडांपासून लांब राहायचं, दोन्ही.

मिप्स लिहिलेलं मिळालं अन् बजेटमध्ये बसलं तर घे. आत एक पातळ सरकता थर असतो, तिरका मार बसला की हेल्मेट डोक्यावर १०-१५ मिलिमीटर सरकतं अन् डोक्याला बसणारा पीळ कमी होतो. पण मापाचं बिनमिप्सचं अन् ढिलं मिप्सवालं यात मी मापाचं घेईन.

सुभेदार_पारोळा

मी फौजेत असताना काश्मीरात काढलेत काही हिवाळे, म्हणून डोळ्यांचं सांगतो, डोक्याचं तुम्ही लोक सांगताच आहात.

ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो अन् दर हजार मीटर चढलं की ते किरण साधारण १० टक्के वाढतात. गुलमर्गच साडेसव्वीसशे मीटरच्या आसपास आहे, गोंडोल्याचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, दुसरा टप्पा वर अफरवट डोंगरावर जातो तो जवळजवळ ४००० ला. ढग असले तरी किरण येतातच, हे नवख्या पोरांना पटत नाही. दिवसा काही कळत नाही, रात्री डोळ्यात कोणी मूठभर वाळू टाकलीय असं होतं, पाणी गळतं, दिव्याकडे बघवत नाही. दोन दिवसांत उतरतं पण ते दोन दिवस कोर्सचे गेले म्हणून समजा.

म्हणून व्हायझरवाल्यांना एकच सांगणं. काच वर केली की डोळे उघडे पडतात. लिफ्टच्या रांगेत, चहा पिताना, फोटो काढताना माणूस काच वर करून तास तास उभा राहतो. गॉगलवाला पण गॉगल हेल्मेटवर चढवतो, तेच. खिशात साधा काळा चष्मा ठेवा, यूव्ही ४०० वाला. नंबरवाल्यांनी नंबरचाच काळा चष्मा करून घ्यावा, आपल्याकडे उन्हाळ्यात लागतोच.

उणे_साडेपाच (जळगाव)

साहेब हे कोणीच सांगितलं नव्हतं, धन्यवाद. नंबरचा काळा चष्मा टाकतो करायला.

गॉगलच_बरा (शहादा)

मी जरा उलट बोलतो, राग मानू नका. गुलमर्गला दोनदा जाऊन आलोय, माझ्या बॅचमध्ये एकाकडे व्हायझरवालं होतं. ऊन असलेल्या दिवशी राजा होता तो. ज्या दिवशी बर्फ पडायला लागला त्या दिवशी गालाजवळच्या फटीतून आत भुगा यायला लागला, अन् चष्म्यावर पडून वितळला की झालं, आंधळा. गॉगलचा फोम चेहऱ्याला चारी बाजूने चिकटतो, व्हायझरचा तसा चिकटत नाही, त्याची पट्टी नाकावर अन् गालावर नुसती टेकते. शिवाय शिकणारा माणूस पडतो किती! तोंडघशी पडलं की व्हायझर वर सरकतो अन् आत गच्च बर्फ भरतो.

अन् सगळ्यात मोठं म्हणजे काच ओरखडली तर काय? गॉगल गेला तर दुसरा गॉगल कुठलाही लावा. व्हायझर गेला तर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा, त्याच साइजचा पाहिजे, तो भारतात मिळतो का ते घ्यायच्या आधी विचारा. चष्म्यावरून बसणारे मोठे गॉगल येतात, ओटीजी म्हणतात, फ्रेमला बाजूने खाच असते. माझं मत तिकडे.

पांझराकाठ (धुळे, सध्या म्युनिक)

राग कसला, यातलं बरंच खरं आहे. भुरभुर बर्फात अन् वाऱ्यात व्हायझर गॉगलपेक्षा कमीच पडतो, अफरवटच्या ताज्या खोल बर्फात तर मी पण गॉगल लावेन. पण धागाकर्ता बेसिक कोर्सला चाललाय, खालच्या दाबून सपाट केलेल्या उतारावर, तिथलं गणित वेगळं.

अन् वाफेचं बघा. ओटीजी गॉगलमध्ये चष्मा अगदी बंद डबीत बसतो. गॉगलच्या काचेला अँटिफॉग असतं, तुमच्या चष्म्याला नसतं, म्हणजे गॉगल स्वच्छ अन् आतला चष्मा पांढरा, असं माझं कित्येकदा झालंय, अन् तो पुसायला उतारावर सगळं सोडावं लागतं. व्हायझरमध्ये काच तोंडापासून लांब असते, मधे हवा फिरते, चष्मा लवकर मोकळा होतो. ज्या फटीला तुम्ही नावं ठेवताय त्याच फटीमुळे चष्मेवाल्याचं भागतं. मात्र फट किती हे तोंडातोंडावर आहे, रुंद गालाच्या माणसाला नीट बसतं, बसक्या गालाच्याला भगदाड राहतं, म्हणून ऑनलाइन मागवू नये.

दुकानात असं करायचं. आपला रोजचा चष्मा घालून हेल्मेट चढवायचं, पट्टा लावायचा, व्हायझर पूर्ण खाली. एक, व्हायझरची आतली बाजू चष्म्याला टेकता कामा नये, गालाने हसून बघायचं, हसल्यावर चष्मा वर सरकतो अन् तेव्हा टेकतो. दोन, मेहुण्याला सांगायचं बाजूने वहीने जोरात वारा घाल. बुबुळाला वारा लागला तर उतारावर पाणी येणार. तीन, जाड हातमोजे घालून व्हायझर वर-खाली करून बघायचा, काहींना एवढीशी बोंडी असते ती मोज्यातून सापडत नाही. अन् वर केलेला व्हायझर मान झटकली की आपोआप खाली पडत असेल तर ते बिजागर ढिलं आहे, तो तुकडा नको. दुकानदार बघत राहील, बघू दे.

पडल्यावर व्हायझर तोंड वाचवेल असंही समजू नका, हनुवटी अन् जबडा उघडाच असतो, बाइकच्या फुल फेससारखा बार नसतो त्याला.

चष्मेवाला_चाळीसगाव

आमचं चष्म्याचं दुकान आहे म्हणून दोन शब्द. उणे साडेपाचला लेन्सची कड जाड येते, मोठी फ्रेम घेतली तर अजून जाड, म्हणून लहान फ्रेम करा, तेवढीच व्हायझरपासून लांब राहते. काड्या पातळ अन् शक्यतो सरळ, मेटलच्या. हल्ली ती जाड काळी प्लॅस्टिकची फॅशन आहे ना, ती काडी हेल्मेटच्या कानपॅडखाली दाबली जाते अन् तासाभरात कानाच्या वर असं ठसठसतं की माणूस म्हणतो हेल्मेट लहान आहे. हेल्मेट लहान नसतं, काडी जाड असते. आधी हेल्मेट घालायचं अन् मग चष्मा पॅडच्या आतून सरकवायचा, सरळ काडीचाच जातो, कानामागे वळलेला अडकतो.

लेन्स पॉलीकार्बोनेटची करा, फुटून टवके उडत नाहीत. खरी काच अजिबात नको. अन् जुना नंबर जवळपासचा असेल तर जुना चष्मा सोबत न्या, तिकडे चष्मा तुटला तर तुमचा कोर्स संपला.

उणे_साडेपाच (जळगाव)

माझी फ्रेम तीच जाड काळी आहे 🙈 बायकोने निवडलेली.

काचेच्या रंगाचं कोणी सांगा. एस१, एस२, एस३ असं काहीतरी लिहिलेलं असतं.

पांझराकाठ (धुळे, सध्या म्युनिक)

आत किती प्रकाश येतो त्याचे गट आहेत ते. एस१ मधून ४३ ते ८० टक्के, एस२ मधून १८ ते ४३, एस३ मधून ८ ते १८. एस४ फक्त ३ ते ८, ते हिमनदीवर वगैरे. कडक उन्हाला एस३ छान पण ढग आले की त्याच्यातून बर्फाचे उंचसखल काहीच दिसत नाहीत, सगळं एकसारखं पांढरं. एकच घ्यायचं तर एस२, नारिंगी नाहीतर गुलाबी छटेचं. ऊन-सावलीप्रमाणे रंग बदलणारं फोटोक्रोमिक पण मिळतं, महाग असतं, अन् थंडीत ते काळं जास्त होतं अन् परत फिकं व्हायला वेळ लावतं, हे विकणारे सांगत नाहीत. आरशासारखी चमक बघून घेऊ नका, ती बघणाऱ्यांसाठी असते.

काच दुहेरी आहे का तेही विचारा. दोन थर अन् मधे हवा असेल तर आतली बाजू कमी गार पडते, वाफ कमी धरते. स्वस्तातल्या एकेरी असतात.

धुळेकर_आई

आम्ही पण जातोय स्कीला, मनालीजवळ सोलांगला, मुलगा अकरा वर्षांचा. एक साइज मोठं घेतलं तर दोन वर्षं जाईल ना?

पांझराकाठ (धुळे, सध्या म्युनिक)

नको ताई, शाळेच्या युनिफॉर्मसारखं वाढत्या अंगाचं हे घ्यायचं नसतं, ढिलं हेल्मेट पडताना मागे सरकतं अन् कपाळ उघडं पडतं. आजच्या डोक्याचं घ्या. लहान मुलांच्या हेल्मेटमध्ये काढता येणारे पॅड जाड-पातळ असे दोन जोड्या देतात, त्यावर थोडं निभतं. अन् त्याला चष्मा नसेल तर व्हायझरच्या फंदात पडूच नका, पोरं दिवसभर ती काच खटाखट वर-खाली करतात, साधा गॉगल द्या.

केळीवाला_रावेर

कोणी बोललं नाही म्हणून बोलतो, आणल्यावर ठेवणार कुठे? आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर जातं, पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. हेल्मेटच्या आत तो थर्माकोलसारखा ईपीएस फोम असतो अन् तो गोंदाने बसवलेला असतो. माझ्या सायकलच्या हेल्मेटचा फोम माळ्यावर ठेवून कवचापासून सुटून आला होता. गाडीच्या डिकीत, माळ्यावर, गच्चीवरच्या खोलीत ठेवू नका. घरातल्या थंड कपाटात, सुती कापडात गुंडाळून. जोराचा मार बसला असेल तर बाहेरून काही दिसलं नाही तरी बदला, फोम एकदाच दबतो.

भरीत_भाकरी (अमळनेर)

तठे मायनस दहा अन् आठे पंचेचाळीस, हेल्मेट बिचारं काय करी. 😂

गॉगलच_बरा (शहादा)

भाड्याचं राहिलं. गुलमर्गला स्की, बूट, पोल सगळं भाड्याने मिळतं, कोर्सवाल्यांना बहुतेक सामान संस्थेकडूनच मिळतं, एकदा फोन करून काय काय देतात ते विचारून घे. हेल्मेट मिळालं तर ते साधं मिळेल, व्हायझरवालं नाही, अन् तुझ्याच मापाचं मिळेल हे कोणी सांगू शकत नाही. स्की-बूट भाड्याने घ्यायला हरकत नाही, हेल्मेट अन् डोळ्यांचं स्वतःचं असावं एवढं मात्र पांझराभाऊशी पटतं माझं.

उणे_साडेपाच (जळगाव)

अपडेट देतो. पुण्याला कामाने गेलो होतो, मेहुणा बरोबर होता, एका मोठ्या स्पोर्ट्सच्या दुकानात दोन व्हायझरवाली घालून बघितली. पहिलं दिसायला जबरदस्त पण हसलो की चष्मा आतून काचेला टक्कन लागायचा, बाद. दुसऱ्याची नाकावरची पट्टी नीट बसली, वहीच्या वाऱ्याला डावीकडे थोडं लागतं, उजवीकडे नाही, माझा चेहराच वाकडा असावा. माप ५७ आलं, त्यांच्या तक्त्यात मीडियम. ईएन १०७७ क्लास बी, काच एस२, दुहेरी, अन् स्क्रू काढून बदलता येते, सुट्टा व्हायझर मागवून देतो असं दुकानदाराने बिलावर लिहून दिलं. मिप्स नाही, त्याला बजेट पुरलं नाही. घेतलं. चाळीसगावच्या दादांनी सांगितली तशी पातळ मेटलची फ्रेम टाकली करायला, बायकोला सांगायचं बाकी आहे.

मेहुण्याला चष्मा नाही, त्याने साधं हेल्मेट अन् गॉगल घेतला, त्याचं बिल माझ्यापेक्षा बरंच कमी झालं अन् ते तो आता घरभर सांगत फिरतोय.

शेवटचं विचारतो, वाफ धरलीच तर पुसायचं कशाने? अन् झेलम एक्सप्रेसने जम्मूपर्यंत जातोय तर हेल्मेट बॅगेत टाकू का हातात ठेवू?

पांझराकाठ (धुळे, सध्या म्युनिक)

घेतलंस ते बरोबर घेतलंस. आतून पुसायचंच नाही, तो अँटिफॉगचा थर ओला असताना मोज्याने एकदा घासला तरी जातो. काच वर करून दोन मिनिटं वारा लागू दे, पाणी दिसलं तर मऊ कापडाने नुसतं टिपायचं. बफ (गळ्यात घालायची कापडी नळी) नाकावर ओढलेला असेल तर खाली घे, श्वास वर जाऊन सरळ काचेवर बसतो, निम्मी वाफ त्याचीच असते. रात्री खोलीत बुखारीच्या (तिकडच्या शेगडीच्या) जवळ वाळत ठेवू नकोस.

सुभेदार_पारोळा

हातातच ठेवा. खिडकीच्या खुंटीला लटकवू नका, रात्रभर हेलकावे खाऊन काच घासते. सुती पिशवी शिवून घ्या, आत पायमोजे, टोपी भरली तरी चालेल, पण काचेच्या बाजूला टोकदार काही नको.

उणे_साडेपाच (जळगाव)

बरं साहेब. मेहुण्याने आत्ताच त्यात चार्जर कोंबलाय, काढायला लावतो.